नववीतला बाबू, अपुऱ्या वह्या आणि नरकासुराची मोटर

बाबू नववीत. खरं नाव लिहीत नाही, पण गोव्यात घरोघरी एक बाबू असतोच त्यामुळे हेच चालवू. फोंडा तालुक्यातला गाव, देवळापासून दोन मिनिटांवर घर, वडील वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत शिफ्टमध्ये, आई अंगणवाडीत, धाकटी बहीण सहावीत. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्लिश हायस्कूल, आपल्याकडच्या खेड्यातली कितीतरी मुलं ज्या वाटेने जातात तीच वाट. मी त्याची क्लास टीचर.

तक्रार अशी की वह्या अपुऱ्या. सायन्सची अपुरी, सोशलची अपुरी, गणितात दोन चॅप्टर मागे, जर्नलमध्ये आकृत्यांच्या जागा रिकाम्या. पहिल्या युनिट टेस्टला कसाबसा काठावर पास. सकाळी पहिल्या तासाला डोळे मिटलेले. आईला शाळेत बोलावलं तर तिचं निदान तयारच होतं, "टीचर, ह्याचे दोस्त, दुसरं काही नाही. आधी ग्राउंड, मग देवळात घुमट, आता तो नरकासुर सुरू होणार. घरात असतो कधी हा?" (घुमट म्हणजे आमच्याकडे आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य, आणि नरकासुर म्हणजे दिवाळीला जाळायचा पुतळा, त्याचं पुढे येईलच.) बाबू बाजूला पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभा, त्याला विचारलं तर एकच वाक्य, "टीचर, म्हाका वेळच मेळना."

म्हणजे बघा, दोघांचंही म्हणणं तसं एकच. वेळ कमी, दोस्त जास्त. आईला वाटतं दोस्त कमी केले की झालं, मुलाला वाटतं होमवर्क कमी केला की झालं. हे सविस्तर लिहितेय कारण नीट बघितल्यावर दोघांचंही निदान बरंचसं चुकलेलं निघालं आणि अशी केस मला वाटतं गावागावात दर वर्गात तीन-चार तरी असतात.

त्याचा दिवस

सहाला उठायचं, पावणेआठला शाळेची घंटा, दीडला सुट्टी. बालरथ, म्हणजे शाळेची बस, वेळेवर सुटतो आणि एकदाच सुटतो, त्यामुळे शाळा सुटल्यावर लायब्ररीत बसून अर्धा तास काही उरकून घ्यावं ही सोयच नाही, बालरथ चुकला तर कदंबाच्या, म्हणजे सरकारी बसची वाट बघत उन्हात उभं राहायचं आणि तिठ्यावर उतरून पुढे चालत जायचं. घरी पोचेपर्यंत सव्वादोन. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवून मग आडवं होणं, म्हणजे मोबाईल घेऊन पडायचं आणि कधीतरी तो छातीवर ठेवून झोप लागायची ती थेट संध्याकाळपर्यंत. आठवड्यातून तीन दिवस गणित-सायन्सची ट्यूशन, उरलेले दिवस फुटबॉल. तिन्हीसांजेला परत, आंघोळ, मग चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दिवस असतील तर देवळात घुमट आरतीची प्रॅक्टिस, चवथ झाली की दसऱ्यापासून नरकासुर. जेवण साडेनऊला. वही उघडायची ती दहाला, मिटायची साडेबाराला आणि झोप एक वाजता.

म्हणजे झोप पाच तास. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ह्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते असं सांगितलंय. आपली मुलं इतकी कधी झोपतील असं मला वाटत नाही पण पाच म्हणजे फारच झालं. आणि इथे मुलांची बाजू थोडी घ्यायलाच हवी, वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं रसायन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे नऊला दिवे घालवून "झोप आता" म्हटलं तरी ह्यांना झोप येत नाही, तो हट्ट नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या ॲकॅडमीने तर २०१४ मध्येच म्हटलं होतं की ह्या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नका. आमची पावणेआठला भरते. ते काही मी एकटी बदलू शकत नाही, पण पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला "रात्री काय दिवे लावतोस" असं सगळ्यांसमोर विचारणं मी तेवढं बंद केलंय.

आईचा उपाय

शाळेतून घरी गेल्या गेल्या आईने सगळंच बंद केलं. ग्राउंड बंद, घुमट बंद, मोबाईल कपाटात, किल्ली तिच्या पर्सला. संध्याकाळी साडेपाच ते रात्री जेवणापर्यंत सोप्यावर वही घेऊन बसायचं, ती समोर बसून भाजी चिरणार.

आता ह्याचा निकाल काय लागावा? वह्या आणखी मागे पडल्या! पहिल्या दिवशी जरा लिहिलं, दुसऱ्या दिवशी म्हणाला नोट्स नाहीत, नोट्स मोबाईलवर आहेत. आई म्हणाली शाळेत कॉपी करून घे, शाळेत मधली सुट्टी किती तर वीस मिनिटं. मग तो झेरॉक्सला जातो सांगून दोस्ताच्या घरी जायला लागला, तिथे अर्धा तास लिहायचं आणि दोन तास बसायचं, आणि घरी आल्यावर पहिल्यांदाच खोटं बोलायला लागला. आईला सगळ्यात जास्त ते लागलं. मला फोन करून म्हणाली, "आधी निदान सांगून तरी जायचा."

दुसरी गोष्ट आईच्या लक्षात आली नव्हती, ती वडिलांनी सांगितली. वाड्यावरच्या मुलांनी त्याला ग्रुपमधून काढला नव्हता पण मोजायचं सोडलं होतं, मॅचला दुसरा मुलगा घेतला, आरतीत त्याचं घुमट दुसऱ्याकडे गेलं. गावात राहणाऱ्याला हे कळेल, पणजीच्या फ्लॅटमधल्याला कदाचित कळणार नाही. हीच पोरं उद्या कोणाला रात्री हॉस्पिटलात न्यायचं झालं तर गाडी काढतात, लग्नाला मांडव घालतात, जत्रेच्या नाटकाला पडदे बांधतात. चौदाव्या वर्षी ह्यातून बाजूला पडलेला मुलगा पुढे कधी परत आत येतो, कधी नाही. वडील शांतपणे म्हणाले, "मी पण तिथेच वाढलो टीचर, मला माहीत आहे ते."

शेवटच्या पानावरची नोंद

मग मी त्याला एक काम दिलं. लाँगबुकच्या शेवटच्या पानावर आठवडाभर लिहायचं, कुठली वही किती वाजता उघडली, किती वाजता मिटली आणि मध्ये काय काय झालं, बस. खरं लिहिलंस तर घरी दाखवणार नाही, हा शब्द दिला आणि तो पाळला. आईला मी नंतर निष्कर्ष सांगितला, पान नाही दाखवलं. मोबाईल मात्र तेवढ्या आठवड्यासाठी त्याला परत द्यायला लावला, नाहीतर कळणार काय.

त्याने लिहिलेलं वाचून मी जरा गारच पडले. मंगळवारचं आठवतंय तसं सांगते. गणिताची पाच उदाहरणं, वीस मिनिटांत संपली, दोन चुकली होती पण संपली. मराठीचं पत्रलेखन पंधरा मिनिटं. मग "सायन्स नोट्स" असं लिहिलेलं आणि वेळ सव्वाअकरा ते साडेबारा, खाली बारीक अक्षरात, फोटो ब्लर होता परत मागितला, मग नरकासुराचा हात हलवायला मोटर वायपरची की फॅनची चर्चा, मग एकाने जुन्या मारुतीच्या वायपर मोटरचा फोटो टाकला, मग दीड पान लिहिलं, मग झोप आली.

रोजचं थोड्याफार फरकाने असंच. म्हणजे शिक्षकांनी त्या दिवशी दिलेला खरा होमवर्क तासाभराचा, वाईट दिवस असला तर दीड तासाचा. उरलेला सगळा वेळ वर्गात जे लिहायचं राहिलं ते दुसऱ्याच्या वहीचा फोटो बघून उतरवण्यात. आणि हे राहतं का? कारण वर्गात इंग्लिशमधून डिक्टेशन चालतं, बाबूचा हात मराठीत भरभर चालतो पण इंग्लिश स्पेलिंगला अडखळतो, तीन वाक्यं झाली की चौथं सुटतं, मग तो गॅप सोडून पुढे जातो आणि गॅपवर गॅप पडत जातात. रात्री ते भरायला व्हॉट्सॲप उघडायचं. व्हॉट्सॲपवर तोच ग्रुप ज्यात फोटो पण आणि नरकासुर पण. नोट्सचं एक पान शोधायला ग्रुपमध्ये शिरलं की वर शंभर मेसेज. झोपायला एक, सकाळी पेंग, पेंगेत परत डिक्टेशन सुटलं, की आला परत रात्रीचा फोटो. असं ते चक्र.

म्हणजे ज्याला आई "दोस्तांमुळे अभ्यास होत नाही" म्हणत होती तिथे खरं तर अभ्यासच दोस्तांमार्फत चालला होता, वाईट पद्धतीने का होईना. मोबाईल काढून घेतला तेव्हा वह्या मागे पडल्या त्या ह्यामुळे. आणि खेळायला जायचा तो दीड तास? त्याचा ह्या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. उलट ज्या दिवशी पाऊस पडून ग्राउंडवर चिखल झाला आणि तो घरीच राहिला त्या दिवशी पण वही दहालाच उघडली होती.

स्टाफरूममधला हिशेब

आता आमची बाजू. केंद्र सरकारचं २०२० चं स्कूल बॅग धोरण आहे, त्यात होमवर्कबद्दल पण लिहिलंय, नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला १ तास, दुसरीपर्यंत अजिबात नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर होमवर्कवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, त्याचं म्हणणंही साधारण तसंच, हायस्कूलच्या मुलांना होमवर्कचा उपयोग होतो पण दीड ते अडीच तासांच्या पुढे गेलं की आणखी फायदा दिसत नाही. तिकडची मुलं वेगळी, शाळा वेगळ्या, हे मान्य, पण एवढी मर्यादा आपल्याकडच्या कुठल्याही आईला पटेल.

मी स्टाफरूममध्ये प्रत्येकाला विचारलं, नववीला ह्या आठवड्यात काय दिलंय. प्रत्येकाचं उत्तर प्रामाणिक, "मी काय, अर्ध्या तासाचंच देतो." आणि खरंच देतो. पण मंगळवारी आणि गुरुवारी पाच विषयांनी अर्ध्या अर्ध्या तासाचं दिलेलं आणि सोमवारी कोणीच काही नाही. कोणाला कोणाचं माहीतच नाही. शिवाय प्रोजेक्ट वेगळे, ते नेहमी एकाच आठवड्यात सबमिट करायचे असतात, का ते देवाला माहीत.

म्हणून एक साधी गोष्ट केली, वर्गाच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, ज्याने त्याने होमवर्क दिला की विषय आणि अंदाजे मिनिटं तिथे लिहायची, दोन तास भरले असतील तर पुढच्याने उद्यावर ढकलायचं. मॉनिटर पोरगी कडक आहे, ती कोणाला सोडत नाही, मलाही एकदा "टीचर, आज जागा नाही" म्हणून परत पाठवलंन. बहुतेकांनी ऐकलं. एका सहकाऱ्याने नाही ऐकलं, त्याचं म्हणणं पोर्शन संपला नाही तर पालक मलाच बोलणार, चौकट काय पोर्शन संपवणार आहे का. त्याचंही खोटं नाही. त्याच्या विषयाचं ओझं आहे तसंच राहिलं.

बैठक

रविवारी दुपारी बाबूच्या घरी गेले. वडील नाईट करून झोपून उठलेले, आईने चहा आणि काप केलेले. बाबूला पण बसवला, तो उठून आत जायला बघत होता. मी काय दिसलं ते सांगितलं. आई जरा वेळ गप्प, मग म्हणाली, "मग काय, दोस्तांबरोबर हुंदडू दे म्हणता?" मी म्हटलं हुंदडू दे नाही म्हणत, ग्राउंड राहू दे, दुसरं काय सोडायचं ते त्यालाच विचारू.

आणि त्याला विचारलं. मला वाटलं होतं मोबाईलचं नाव काढणारच नाही. पण म्हणाला, "ट्यूशन." आई उडालीच. ट्यूशन कशी सोडायची, सगळी जातात! तो म्हणाला गणिताची राहू दे, सायन्सच्या ट्यूशनला जे शाळेत लिहून देतात तेच परत लिहून देतात, दोनदा लिहून पण मला कळत नाही. अर्धा तास वाद झाला. मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे ट्यूशन लावणं म्हणजे आईबापांनी आपलं कर्तव्य केलं असं झालंय, त्या वेळात मुलगा काय शिकतो हे कोणी बघत नाही. शेवटी वडिलांनी निकाल दिला, फर्स्ट टर्मपर्यंत सायन्सची ट्यूशन बंद करून बघू, मार्क पडले तर परत.

वडिलांनी मध्येच खेळाच्या मार्कांचा विषय काढला, दहावीला बोर्ड खेळाचे गुण देतं म्हणून. देतं, पण शाळेमार्फत स्पर्धा खेळायला लागतात, वाड्यावरच्या ग्राउंडवर गोल मारून नाही मिळत, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला.

ठरलं ते असं. दुपारची झोप पाऊण तास, मोबाईल त्या वेळी आईच्या खोलीत. मग पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों ऐकू आला की वही उघडायची, कारण त्याचा पोदेर चारच्या सुमाराला येतोच येतो आणि घड्याळ बघायला कोणी सांगावं लागत नाही. साडेपाचपर्यंत लिहायचं ते काम, मग ग्राउंड. रात्री जेवल्यावर फक्त वाचन किंवा पाठांतर, अर्धा तास, साडेदहाला आडवं. वाड्यावरचे आणखी दोन मुलगे त्याच वर्गातले, ते पण सोप्यावर येऊन बसतील, त्यामुळे राहिलेली वही समोरासमोर बघता येईल, फोटोची भानगड नको. पहिले दोन दिवस नुसती मस्ती झाली, कोणी वही उघडली असेल तर शपथ. मग आजीने नियम केला, चहा मिळणार तो पाच वाजता आणि तोपर्यंत तोंडातून शब्द नाही. आजीचं ऐकतात.

जुन्या गॅपसाठी मी सायन्सच्या टीचरशी बोलले. जे राहिलंय ते झेरॉक्स करून चिकटवू दे, परत लिहायला नको. ती म्हणाली मग लिहायची सवय कशी लागणार आणि पेपरात काय झेरॉक्स चिकटवणार का. मुद्दा बरोबर. म्हणून मधला मार्ग काढला, चिकटवलेल्या प्रत्येक पानाखाली पाच ओळी स्वतःच्या शब्दांत, इंग्लिश मोडकं असलं तरी चालेल, शब्द अडला तर मराठीत लिही. पहिल्या पाच ओळींत तीन शब्द मराठी होते. तिने लाल पेनाने त्यांच्यावर इंग्लिश शब्द लिहून दिले, मार्क कापले नाहीत. ह्या एका गोष्टीसाठी तिचे आभार मानायला हवेत कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक ह्यानेच पडला.

नरकासुर

आता मुख्य परीक्षा. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्याकडे वाड्यावाड्यावर नरकासुराचे मोठाले पुतळे उभे करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. सांगाडा वेल्डिंगचा, अंगात गवत, वर कागद, रंग, मुखवटा आणि हल्ली हात-मान हलवायला मोटर. मुलं दसऱ्यापासून लागतात, वर्गणी, सामान, आणि शेवटचे आठ-दहा दिवस रात्री उशिरापर्यंत. आणि आमची फर्स्ट टर्म त्याच सुमाराला येऊन आदळते.

बाबूकडे हाताचं काम होतं. जुन्या गाडीची वायपर मोटर आणि सायकलची चेन घेऊन नरकासुराचा तलवारीचा हात वरखाली करायचा. मी एकदा संध्याकाळी मुद्दाम बघायला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये बल्ब, खाली गवत, बॅटरीला वायर लावली की हात वर जायचा पण खाली येताना खांद्यातून निखळायचा. मोठी पोरं म्हणत होती जाड बोल्ट घालू. बाबू म्हणाला बोल्टाने काही नाही होणार, तलवार लांब आहे म्हणून खांद्यावर ओढ जास्त पडते, तलवार थर्माकोलची करा आणि वरून स्प्रिंगने ताणून धरा. तसं केलं आणि चाललं. त्याच आठवड्यात त्याच्या वहीत फोर्सच्या चॅप्टरचे प्रश्न कोरे होते. हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात बघा, खरं शिक्षण तिकडेच आहे, शाळेत काय ठेवलंय. मला हे अजिबात पटत नाही. त्याला ओढ कळते पण ती किती ते काढता येत नाही, आणि ते काढायला शिकायची जागा वर्गच आहे. फक्त त्या चॅप्टरला मी सायन्सच्या टीचरला सांगून त्याच्याकडून फळ्यावर तो हात काढून घेतला, वर्ग हसला, पण पाच ओळी त्याने त्या दिवशी न बघता लिहिल्या.

रात्रीच्या वेळेचं काय करायचं हा खरा पेच होता. आई म्हणाली नऊ, तो म्हणाला बारा. आईबापांनी सांगितलेली वेळ ह्या वयात पोरं पाळत नाहीत, म्हणून वडील जाऊन मंडळाच्या मोठ्या मुलाशी बोलले, तो आयटीआय केलेला, सगळे त्याला दादा म्हणतात. दादाने सगळ्या शाळेच्या पोरांना एकच वेळ लावली. साडेनऊ झाले की "चलात, घरा वचात" म्हणून शेडमधून बाहेर. बाबू एकटा उठून गेला असता तर हसले असते, सगळे उठले म्हणून कोणी हसलं नाही. शेवटची रात्र पूर्ण सूट, दुसऱ्या दिवशी शाळाच नव्हती. टीचर लोकांना मी विनंती केली होती की त्या आठवड्याचा होमवर्क सोमवारीच एकदम सांगा, म्हणजे पोरं आधी उरकतील. काहींनी सांगितला. मुलांपैकी काहींनी आधी उरकला, बाकीच्यांनी नेहमीसारखा शेवटच्या दिवशी.

ह्यात एक गोष्ट खटकत राहिली ती लिहितेच. त्याच वर्गात त्याच वाड्यावरची एक मुलगी आहे, तिला नरकासुराची एकही रात्र मिळत नाही, ग्राउंड नाही, चवथीला फुगडी तेवढी. तिच्या वह्या पूर्ण असतात म्हणून तिच्याबद्दल कोणी बैठक घेत नाही. दुपारी ती आईबरोबर भांडी आणि लहान भावाला बघते, तिची दोस्ती सगळी बालरथातल्या त्या पंचवीस मिनिटांत. अभ्यास आणि दोस्ती ह्यांचा मेळ म्हणून आपण जे बोलतो ते जास्त करून मुलग्यांबद्दलच बोलतो.

पुढे काय झालं

फर्स्ट टर्मला बाबू सगळ्या विषयांत पास. सायन्सला आधीपेक्षा बरे मार्क, गणितात जेमतेम, सोशल जिथल्या तिथे, कारण तिथलं डिक्टेशन अजून तसंच चालू आहे. झोप साडेदहा नाही, पण अकराच्या आसपास आली, पहिल्या तासाला डोळे उघडे असतात. खोटं बोलणं थांबलं असं आई म्हणते, मी तेवढी खात्री देणार नाही. सायन्सची ट्यूशन परत लावली नाही, शेजारणीने आईला दोनदा विचारलं तरी.

मग डिसेंबर-जानेवारी आला आणि जत्रा आल्या. जत्रेच्या नाटकात ह्याला शिपायाचं काम, चार वाक्यं, पण तालमीला रोज पूर्ण वेळ बसायचं कारण दिग्दर्शक कोणाला सोडत नाही. पोदेर यायचा आणि वही बंदच. दोन आठवडे सगळं विस्कटलं, परत सायन्सच्या पानांवर गॅप. ह्या वेळी मात्र तो स्वतः झेरॉक्सचे पैसे घेऊन आला आणि म्हणाला पाच पानं राहिलीयत. आईला तालमीच्या जागी जाऊन बसायची सवय लागली, तिथेच कोपऱ्यात बसून ती त्याच्याकडून प्रश्नोत्तरं म्हणून घ्यायची, वाक्यं चारच असल्याने त्याला मोकळा वेळ भरपूर.

आता दहावी. २०२५ पासून आमच्याकडे सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, म्हणजे उन्हाळ्यातला तो मोकळा श्वास मध्येच तुटतो, आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, शिगमोत्सवाचे ढोल वाजायचे दिवसही तेच. आईने आत्ताच जाहीर केलंय की दहावीत नरकासुर नाही. बाबू म्हणतो बांधायला नाही जाणार, फक्त मोटर जोडून देईन, दोन संध्याकाळ. वडील म्हणतात चवथ होऊ दे, मग बघू. मला विचारलं तर मी म्हटलं दोन संध्याकाळ द्या, पण त्या कुठल्या ते त्याने आत्ताच कॅलेंडरवर लिहून द्यायचं आणि दादाची सही घ्यायची. सोशलच्या डिक्टेशनबद्दल मी तो विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी परत एकदा बोलणार आहे, ह्या वेळी हेडसरांना बरोबर घेऊन.